दरडोई दरमहा एक

महिन्याच्या २८ तारखेला आमच्या कारखान्यात सगळ्यांना एकदम सुधारणा सुचू लागतात. २७ तारखेपर्यंत सगळं यथास्थित असतं. २८ला मात्र लाइनवरचा पोरगा आपली मशीन पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बघू लागतो, स्टोअरकीपर रॅकसमोर विचारमग्न उभा राहतो आणि मेंटेनन्सचे एक गृहस्थ ग्रीसच्या डब्याला प्रदक्षिणा घालतात. कारण ३० तारखेला ‘कायझेन’च्या शीट जमा करायच्या असतात. दरडोई दरमहा एक. ज्याची शीट येत नाही त्याचं नाव कॅन्टीनच्या दारावर लाल शाईत लागतं. कॅन्टीनला दुसरं दार असावं, अशी शीट एकाने भरली होती. ती नामंजूर झाली, पण मोजणीत धरली गेली.

भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज, नाशिकचं सातपूर-अंबड. जिथे चार मशीन आणि एक कंपाउंड आहे तिथे आता कायझेन आहे. मासाआकी इमाई यांचं या नावाचं पुस्तक १९८६ साली आलं. त्यातलं म्हणणं कोणत्याही शहाण्या माणसाला पटावं असं आहे. नवी मशीन घ्यायला पैसा लागतो, पण आहे त्याच मशीनवर रोज थोडं थोडं बरं काम करायला फारसा लागत नाही. आणि हे मोठ्या साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सर्वांनी करायचं. यातला ‘झाडूवाल्यापर्यंत’ हा भाग आमच्या व्यवस्थापनाला अतिशय आवडला. ‘रोज’ची २८ तारीख झाली, आणि ‘मोठ्या साहेबापासून’ हे शीटच्या फॉरमॅटमध्ये बसलं नाही.

शीट ए-फोर आकाराची असते. डावीकडे ‘बिफोर’चा फोटो, उजवीकडे ‘आफ्टर’चा. इथे एक अडचण आहे. माणसाला सुधारणा सुचते ती भर शिफ्टमध्ये, हात काळे असताना, समोर पीस अडकलेला असताना. तो त्या तिरमिरीत काहीतरी करतो आणि मशीन चालू होते. ‘थांबा, आधी पसाऱ्याचा फोटो काढू’ असं म्हणणारा कामगार अजून जन्माला यायचाय. मग २८ तारखेला ‘बिफोर’ नव्याने तयार करावं लागतं. नीट केलेला रॅक विस्कटायचा, पुसलेल्या फरशीवर थोडं कूलंट सांडायचं, हुकाला टांगलेले पाने काढून टेबलावर पसरायचे. आमचे सुपरवायझर या कामात दिग्दर्शक आहेत. “तो पाना जरा तिरका ठेव,” ते म्हणतात. “एवढा सरळ पसारा कोण करतं? आणि ते कापड लोंबू दे, लोंबू दे. हां.” फोटो झाला की सगळं पुन्हा जागेवर लावायचं, पुन्हा पुसायचं. वर्षातले बारा दिवस आमचा कारखाना जेवढा घाण असतो तेवढा एरवी कधीच नसतो, आणि त्याचं पूर्ण श्रेय स्वच्छतेच्या मोहिमेला आहे.

खाली ‘फायदा’ असा रकाना असतो आणि तो रुपयांत भरावा लागतो. समजा, पाना मशीनजवळ टांगल्यामुळे सहा पावलं वाचली. सहा पावलं म्हणजे चार सेकंद. एका शिफ्टमध्ये पन्नास वेळा पाना लागतो म्हणजे २०० सेकंद, तीन शिफ्टची दहा मिनिटं, ३०० दिवसांचे पन्नास तास. मशीनचा ताशी दर ४०० रुपये धरला की वर्षाची बचत झाली २०,००० रुपये. हिशोबात कुठेही चूक नाही. फक्त ते २०,००० रुपये कुणी पाहिलेले नाहीत. आजवर जमा झालेल्या सगळ्या शीटांवरची बचत एकत्र केली तर आमच्या कंपनीने ग्राहकाला माल फुकट देऊन वर पोहोचवायचं भाडंही द्यायला हवं. मी एकदा अकाउंट्सच्या माणसाला विचारलं, की हे पैसे ताळेबंदात कुठे दिसतात. त्याने माझ्याकडे बघून चष्मा पुसला आणि वार्षिक पगारवाढीचा विषय काढला. दोन्ही आकडे एकाच जातीचे आहेत, असं त्याला सुचवायचं असावं.

सूचनापेटीही आहे. ही पद्धत जपानी समजून आपण आणली, पण एइजी तोयोदा १९५० साली अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघायला गेले तेव्हा त्यांना ती तिथे भेटली, आणि १९५१ पासून टोयोटात सुरू झाली. तिकडे लाखो सूचना आल्या. आमची पेटी टाइम ऑफिसच्या बाहेर आहे. तिच्यावर ‘सूचना देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाईल’ असं लिहिलेलं आहे आणि बरोब्बर वर सीसीटीव्ही कॅमेरा आहे. पेटीची किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांनी नोकरी सोडली. नवे एचआर मॅनेजर आले तेव्हा त्यांनी उत्साहाने कुलूप तोडायला लावलं. आत बसचा थांबा बदलण्याची मागणी होती, एक गुटख्याची रिकामी पुडी होती, आणि ‘डाळीत डाळ टाकावी’ एवढीच सूचना वेगवेगळ्या अक्षरांत बऱ्याच चिठ्ठ्यांवर होती. मॅनेजरांनी या सूचनांचं वर्गीकरण केलं. डाळ ‘इतर’ या सदरात गेली.

‘फाइव्ह एस’बद्दल फार सांगत नाही. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हे पाच शब्द सकाळच्या मीटिंगला सगळे एका सुरात म्हणतात, आणि कडेगाव-खटावकडच्या पोरांच्या तोंडी ते इतके घट्ट बसले आहेत की जपान्यालाही आपलेसे वाटणार नाहीत. जमिनीवर पिवळे पट्टे आहेत. हत्यारांच्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली आहे; सावल्या सगळ्या जागेवर आहेत, पाने कुठे आहेत ते विचारू नये. एक लाल चौकोन आहे, त्यात नको असलेल्या वस्तू लाल चिठ्ठी लावून ठेवायच्या आणि मुदतीनंतर भंगारात काढायच्या. आजवर तिथून भंगारात काहीही गेलेलं नाही. घरच्या माळ्यावरचं सामान जसं दिवाळीला खाली येतं आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणत पुन्हा वर जातं, तसं प्रत्येक डिपार्टमेंट आपापली वस्तू रात्रपाळीत परत घेऊन जातं.

पण याच कारखान्यात खंडेनवमी बघावी. आदल्या दिवशी दुपारनंतर कुणी सांगत नाही, कुणी गुण देत नाही, ऑडिटला कुणी येत नाही. ज्या मशीनच्या मागच्या बाजूला हात घालायला पोरं वर्षभर तयार नसतात, तिथे तीच पोरं आडवी होऊन चिंध्यांनी तेल टिपतात. चिप्सचा शेवटचा तुकडा निघतो. ऑइलची नळी गळत असेल तर घरातून क्लिप आणून बसवतात. पत्र्यावरचा जुना स्टिकर खरवडून निघतो, झेंडूचं तोरण चढतं, समोर रांगोळी येते. दसऱ्याच्या सकाळी घरची माणसं बघायला येतात. एरवी ज्याला आम्ही ‘मशीन नंबर चौदाचा ऑपरेटर’ म्हणतो तो बायकोला आणि पोरीला सांगत असतो, की हा चक, ह्यात पीस धरतो, इथून पाणी येतं, हात नाही लावायचा. त्या दिवशी ती मशीन त्याची असते. दसऱ्यानंतर ती पुन्हा कंपनीची होते आणि नळी पुन्हा गळायला लागते. मी ही गोष्ट एकदा मीटिंगमध्ये मांडली. ताबडतोब निर्णय झाला, की खंडेनवमीच्या स्वच्छतेला गुण द्यायचे. पुढच्या वर्षी सगळ्या मशीनना सारखा हार आला, खरेदी विभागाकडून, तीन कोटेशन मागवून.

डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन गृहस्थ १९५० साली जपानला व्याख्यानं द्यायला गेले. जपान्यांनी त्यांचं इतकं मनावर घेतलं की १९५१ पासून त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू केलं. आपल्याकडे ते पहिल्यांदा १९९८ साली चेन्नईच्या सुंदरम क्लेटनला मिळालं. २००३ साली महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला मिळालं. ट्रॅक्टर बनवणाऱ्यांत जगात पहिलं. तेव्हा हे सगळं थोतांड आहे असं मी मुळीच म्हणत नाही. कांदिवलीत आणि नागपुरात जे जमतं ते आमच्याकडे जमायला काही हरकत नसावी. आमच्या रिसेप्शनमध्ये डेमिंग यांचे चौदा मुद्दे काचेच्या फ्रेममध्ये सोनेरी अक्षरांत लावलेले आहेत. त्यातला दहावा मुद्दा असा, की कामगारांसाठी लावलेली घोषवाक्यं, उपदेश आणि आकड्यांची उद्दिष्टं काढून टाका. या फ्रेमच्या डाव्या हाताला घोषवाक्य स्पर्धेचा निकाल आहे आणि उजव्या हाताला महिन्याचं टार्गेट. आठवा मुद्दा कामाच्या ठिकाणची भीती घालवण्याबद्दल आहे. फ्रेम पुसणारा मुलगा तो मुद्दा फार जपून पुसतो, कारण मागच्याला काच फोडली म्हणून काढला होता.

क्वालिटी सर्कल हा आणखी एक प्रकार. भारतात त्याची सुरुवात १९८० साली हैदराबादजवळच्या भेलच्या कारखान्यात झाली. सात-आठ जणांनी आठवड्याला एकदा बसून स्वतःच्या कामातली अडचण स्वतः सोडवायची. आमच्याकडच्या सर्कलची नावं ‘गरुडझेप’, ‘झुंज’, ‘शिवशक्ती’ अशी आहेत. यादी वाचणाऱ्याला वाटावं, संध्याकाळी मॅटवर सामने आहेत. जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेसाठी ‘झुंज’वाल्यांनी तीन आठवडे प्रेझेंटेशनची तालीम केली, त्या काळात त्यांच्या मशीन बंद होत्या. विषय होता, ‘मशीन बंद राहण्याचा वेळ कमी करणे’. बक्षीस मिळालं.

आता जिथे खरी मजा आहे तिकडे वळतो. ग्राहकाची तक्रार आली की तिचं मूळ शोधायचं असतं. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी सांगितलेली रीत अशी, की ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारायचा. त्यांचं स्वतःचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मशीन का थांबली? फ्यूज उडाला. का उडाला? बेअरिंगला तेल कमी पडून लोड वाढला. का कमी पडलं? पंप नीट चालत नव्हता. का? त्याचा शाफ्ट झिजला होता. का? गाळणी नव्हती, लोखंडाचा कीस आत गेला. आता गाळणी बसवली की झालं. पहिल्याच उत्तरावर थांबणारा माणूस आयुष्यभर फ्यूज बदलत बसतो.

आमच्याकडे एका पीसला भोक पाडायचं राहून गेलं आणि तो पीस ग्राहकाकडे पोहोचला. का? ऑपरेटरच्या नजरेतून सुटला. का सुटला? घाईत होता. घाई का? महिनाअखेर होती, टार्गेट व्हायचं होतं. महिनाअखेरीलाच सगळी घाई का? कास्टिंगचा माल २४ तारखेला आला. माल उशिरा का आला? कारण पुरवठादाराचं पेमेंट... इथे क्वालिटीच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. पाचवा ‘का’ थेट डायरेक्टर साहेबांच्या केबिनमध्ये जात होता आणि केबिनला दार आहे, दाराला बंद व्हायची सवय आहे. मॅडम अनुभवी. त्यांनी चौथा आणि तिसरा खोडला, दुसऱ्यावर रेघ ओढली आणि ग्राहकाला कळवलं: ‘ऑपरेटरला प्रशिक्षण देण्यात आले.’ सोबत ऑपरेटरची सही, प्रशिक्षण घेतानाचा फोटो. तो बिचारा भोक पाडण्याचं प्रशिक्षण एवढ्या वेळा घेऊन बसला आहे की कुठल्याही विद्यापीठाने त्याला डॉक्टरेट द्यावी. काओरू इशिकावा यांनी माशाच्या सांगाड्यासारखी आकृती दिली, म्हणजे माणूस, मशीन, माल, पद्धत अशा सगळ्या बाजूंनी कारणं बघता यावीत. आमच्या कारखान्यात मासा कोणताही असो, काटा ऑपरेटरच्याच घशात जातो.

लाइनवर एक दोरीही आहे. टोयोटात अशी दोरी कुणीही कामगार ओढू शकतो. काही गडबड दिसली की ओढायची, मदत धावून येते, वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. आम्ही दोरी, दिवा, भोंगा सगळं हौसेने बसवलं. पहिल्या आठवड्यात एका ट्रेनी पोराने ती ओढली. भोंगा वाजला, लाल दिवा लागला, आणि चौघे साहेब धावत आले. चौघांनी एकच प्रश्न विचारला, “कुणी ओढली?” काय झालंय, हे विचारायला पाचवा माणूस यायला हवा होता, तो रजेवर होता. त्यानंतर ती दोरी चुकून हात लागू नये म्हणून वर गुंडाळून बांधली. बांधणाऱ्याने त्याची शीट भरली, आणि फायद्याच्या रकान्यात लिहिलं, ‘लाइन थांबण्याचे प्रमाण शून्य.’

तो ट्रेनी आता नाही. त्याला ब्रेक मिळाला. औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा धरत. तेव्हापासून आमच्या पट्ट्यात अशी वहिवाट पडली, की पोराला सातेक महिन्यांत घरी पाठवायचं आणि मग जमलं तर नव्याने घ्यायचं. या पोरांना पहिल्या दिवशी जे प्रशिक्षण दिलं जातं त्याचं नाव ‘निरंतर सुधारणा’ असं आहे. पोरं शांतपणे ऐकतात. निरंतर काय आहे आणि काय नाही हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. टोयोटाने हा प्रश्न आधी सोडवला होता. १९५० साली तिथे मोठा तंटा झाला, माणसं गेली, खुद्द किइचिरो तोयोदांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. आणि १९६२ साली व्यवस्थापन आणि युनियनने परस्पर विश्वासाचा संयुक्त जाहीरनामा काढला. दोरी त्या कागदाला बांधलेली आहे. आपण आणताना दोरी तेवढी आणली.

आमच्या ड्रिलिंग सेक्शनला एक मामा आहेत. सगळ्यांचेच मामा, खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. मामांच्या मशीनखाली ट्रेच्या एका बाजूला लाकडाची एक पाचर असायची. त्यामुळे ट्रे तिरका होई, पीस आपसूक घसरत त्यांच्या हाताशी येत, वाकावं लागत नसे. वेल्डिंग रॉड वाकवून केलेला एक हुक होता, त्याने चिप्स एका झटक्यात निघत. कंबर शाबूत, बोटं शाबूत, आणि दर पीसमागे काही सेकंद हातात. टाइम स्टडीवाले फिरकले की पाचर मामांच्या खिशात जाई आणि मामा ओणवे होऊन, कण्हत, पीस उचलू लागत. मी एकदा विचारलं, “मामा, याची शीट का भरत नाही?”

“सायेब, लिवली हुती की एकदा. मागं.”

“मग?”

“मग स्टीलचा डबा मिळाला. फोटू लागला बोर्डावर. सोमवारी दोघं जण घड्याळ घेऊन हुबं ऱ्हायले. ३२०चं टार्गेट ३८० झालं. डबा एकट्याला, टार्गेट तिन्ही शिफ्टला. महिनाभर कुणी माझ्याशी बोललं न्हाई.” मामांनी हुक पुसून जागेवर ठेवला. “डबा तसाच हाय. मंडळी म्हंती, ह्यात नगं देऊ, घास उतरायचा न्हाई.”

मी इंजिनिअर आहे. मशीनची कार्यक्षमता काढायची सूत्रं मला पाठ आहेत. पण आमच्या कारखान्यात सुधारणांचा केवढा साठा लोकांच्या खिशात पडून आहे, याचं सूत्र मला कुणी शिकवलं नाही. शीटवर येतात त्या सुधारणा उरलेल्या, ज्यांच्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही.

गेल्या हिवाळ्यात ग्राहकाकडून एक जपानी साहेब आले. आठवडाभर आधी रंगकाम झालं. लोकांना नवे गणवेश मिळाले, ते संध्याकाळी परत घेतले. दुभाषी म्हणून सदाशिव पेठेतली एक मुलगी होती, जपानी अशी फाडफाड बोलत होती की जीएम साहेब तिलाच वाकून नमस्कार करू लागले. पाहुण्यांनी पुष्पगुच्छ घेतला, प्रेझेंटेशन नको म्हणाले, आधी कामगारांचं स्वच्छतागृह बघितलं, मग भंगाराचा डबा उपसला, आणि ड्रिलिंग सेक्शनमध्ये एका जागी जे उभे राहिले ते हलेनातच. दहा मिनिटांनी जीएम साहेबांनी खुर्ची मागवली. पाहुण्यांनी ती बाजूला केली. अर्ध्या तासाने ते पुढे गेले, गुडघ्यावर बसले आणि मामांच्या ट्रेखालून ती पाचर काढून हातात घेतली.

“हे कुणी केलं?” दुभाषी मुलीने विचारलं.

शांतता. मग जीएम साहेब पुढे झाले. “सर, ही अनधिकृत वस्तू आहे. आम्ही ताबडतोब काढून टाकतो.” क्वालिटीच्या मॅडमनी लाल चिठ्ठी काढली. सगळ्यांच्या नजरा मामांकडे. मामा म्हणाले, “म्हाईत न्हाई बाई. मी यायच्या आधीपास्नं हाय.”

मुलीने ते भाषांतरित केलं. जपानी साहेबांनी पाचर उलटसुलट केली, बोटाने तिची झिजलेली कड चाचपली, जागेवर परत ठेवली, आणि मामांना कमरेतून वाकून नमस्कार केला. मामांनीही केला, जरा जास्तच खाली; पाठ मोकळी होती.

पाहुणे गेल्यावर पाचरीसाठी समिती बसली. तिला ड्रॉइंग नंबर मिळाला, टॉलरन्स ठरला, लाकूड चालत नाही म्हणून अॅल्युमिनियमची करायची ठरली, आणि तीन महिन्यांनी व्हेंडरकडून १,८०० रुपयांना एक या दराने पाचरी आल्या. चकचकीत आहेत. तेलकट पत्र्यावर घसरतात. मामांनी आपल्या पाचरीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला आहे, तिन्ही शिफ्टच्या लोकांनी तसाच चिकटवला आहे, आणि परवाच्या ऑडिटमध्ये अॅल्युमिनियमला पैकीच्या पैकी गुण पडले. ड्रॉइंगमध्ये ट्यूबचा उल्लेख नाही.